आज लेंड्या कमी आहेत

"ससा काय, असाच जातो. काल संध्याकाळपर्यंत अंगणात उड्या मारत होता, सकाळी बघतो तर ताठ." हे वाक्य मी सुधागड तालुक्यातल्या आमच्या पालीत किती घरांतून ऐकलं असेल, त्याची गणती नाही. सांगणारा उसासा टाकतो, ऐकणारा मान हलवतो. घरातलं मूल रडून रडून झोपतं आणि त्याला नवा ससा आणून देण्याचं कबूल केलं जातं. काही महिन्यांनी तेच वाक्य त्याच घरातून पुन्हा ऐकू येतं.

माझं म्हणणं असं, की हे वाक्य खरं नाही. सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्याला जे दिसलं तेच तो सांगतो. पण ससा असाच जात नाही. उन्हाचा तडाखा, कुत्र्या-मांजराची झडप, विषारी पाला ही कारणं बाजूला ठेवली, तर पाळलेल्या सशाच्या मरणाची वाट फार वेळा पोटातून जाते. पोट आधी मंदावतं, मग थांबतं. थांबल्याची खूण बहुतेकदा आदल्या दिवशीच पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली असते. ती खूण आपण केरसुणीने गोळा करून बाहेर टाकतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या घरी पहिला ससा आला तेव्हा त्याच्या पिंजऱ्याखालची झाडलोट आत्याकडे होती. एका सकाळी ती मला म्हणाली, "आज लेंड्या कमी आहेत गं, बरं झालं, झाडायला सोपं." मीही "बरं झालं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ससा कोपऱ्यात पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसला होता. आम्हाला वाटलं, झोप येते आहे त्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ताठ झालेला होता, आणि शेजारी विचारायला आले तेव्हा मीच ते वाक्य बोलले: असाच गेला. आत्याच्या नजरेने दोन दिवस आधी अचूक टिपलं होतं. त्याचा अर्थ आम्हा कुणाला लागला नव्हता. हा लेख त्या अर्थासाठी आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुका जीव, त्याला काय होतंय हे कळणार कसं? आपण भित्र्या माणसाला "सशाचं काळीज" म्हणतो. ते काळीजच इथे समजून घ्यायला हवं. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे ज्याने दाखवलं त्याला कोल्ह्याने आधी उचललं, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो कण्हत नाही, ओरडत नाही, कुत्र्यासारखा पायाशी येऊन बसत नाही. पण चेहऱ्याने लपवलेलं त्याला पोटाने लपवता येत नाही. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. इतक्या वेळा जो आपल्या प्रकृतीची बातमी देतो, त्याला मुका म्हणणं बरोबर नाही.

ती बातमी कशी वाचायची, हे समजायला त्याच्या पोटाची रचना माहीत हवी. ससा गवत खातो, पण गाई-शेळ्यांसारखा रवंथ करत नाही. त्याच्या जठराला ओकून टाकता येत नाही. आत गेलेलं पुढेच जावं लागतं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्याला एक प्रचंड पिशवी असते, तिला आंधळं आतडं म्हणतात. गवताचे जाड, न पचणारे धागे मोठं आतडं पुढे ढकलतं आणि त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी मागे, या पिशवीत, परत लोटलं जातं. तिथे जिवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होतात द्राक्षाच्या घोसासारख्या, मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या गोळ्या. बहुधा रात्री किंवा पहाटे ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यांत प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ही घाण सवय नव्हे. त्याच्या अन्नाचा हा दुसरा, आवश्यक फेरा आहे. "छी, स्वतःची घाण खातो" म्हणून त्याला हाकलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती त्याच्या तोंडचा घास काढून घेत असतात.

या सगळ्या यंत्राला चालतं ठेवतात ते गवताचे जाड धागे. ते कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते. हालचाल मंदावली की आतलं घट्ट होतं, वायू साठतो. वायूने दुखतं, दुखलं की ससा खात नाही, खाल्लं नाही की हालचाल आणखी मंदावते. हा फेरा एकदा सुरू झाला की सहसा आपोआप तुटत नाही. म्हणून तो सुरू होतानाच ओळखायचा असतो.

आता खुणा. चांगली लेंडी गोल, सारख्या आकाराची, पिवळसर तपकिरी. बोटांनी दाबली की भुगा होते आणि आत गवताचे बारीक तुकडे दिसतात. लेंड्या लहान झाल्या, काळ्या आणि टणक झाल्या, थेंबासारख्या टोकदार झाल्या, तर पोट मंदावलं आहे. केसांच्या धाग्यात मण्यांसारख्या ओवून आल्या, तर केस गळण्याचा हंगाम आहे आणि गवत कमी पडतं आहे. कमी झाल्या तर सावध व्हायचं. बंद झाल्या तर निघायचं. त्याच वेळी खाण्याकडे बघायचं: रोज झडप घालून घेतलेली कोथिंबिरीची काडी आज हुंगून सोडली का? मग बसणं: पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसतो का, सारखी जागा बदलतो का, पोट थंड फरशीवर दाबून धरतो का? दात कराकरा वाजवतो का? अंगावरून हात फिरवताना तो सुखाने दात हलके घासतो, तो आवाज वेगळा; वेदनेचा आवाज मोठा आणि एकट्याने बसलेला असताना येतो. शेवटी कान हातात धरून बघायचे. गार पडले असतील तर प्रकरण पुढे गेलं आहे. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. आपण ज्याला सणसणीत ताप म्हणतो, ते त्याच्यासाठी रोजचं आहे. म्हणून थर्मामीटरवर ३७ दिसलं की "ताप नाही, छान" म्हणणारा माणूस मरणाच्या दाराशी असलेल्या सशाला धडधाकट ठरवत असतो.

खाण्याची इच्छा दिसते, गवताजवळ येतो, तोंडात घेतो आणि टाकतो, हनुवटी ओली असते, तर दुखणं दातांत शोधायचं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत चावूनच ते झिजतात. गवत नसलं की दाढांना टोकं येतात आणि जीभ-गाल सोलतात. मूळ तोंडात, परिणाम पोटात.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो: "एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं? लंघन उत्तम औषध." माणसाच्या अजीर्णावर ते असेलही. सशाच्या बाबतीत हा सल्ला जीवघेणा आहे. त्याचं जठर कधी रिकामं राहतच नाही. दिवसरात्र थोडं थोडं आत येत राहावं, अशीच त्याची घडण आहे. दहा-बारा तास त्याने तोंडात काही घेतलं नाही आणि लेंडी टाकली नाही, तर ती तातडीची वेळ समजायची. जास्त वेळ उपाशी राहिला की अंगातली चरबी वितळून यकृतावर चढते, आणि लठ्ठ सशात हे लवकर होतं. उद्या सकाळपर्यंत वाट बघू, हे वाक्य जिथे बोललं जातं तिथेच "असाच गेला" या वाक्याचं बी पडतं.

तिसरा आक्षेप सुधागड तालुक्यात मी नेहमी ऐकते: "शेळ्या सांभाळल्यात आम्ही, ससा काय सांभाळता येत नाही?" या माणसांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. शेळीने रवंथ करणं सोडलं की वाडीवरची बाई ते अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखते. तीच नजर सशाकडे वळली तर माझ्या लेखाची गरज उरणार नाही. पण नजर न्यावी, इलाज नेऊ नये. फुगलेल्या जनावराला बाटलीने गोडेतेल पाजतात. सशाला तसं पाजलं की ते श्वासनळीत उतरून फुप्फुसात जातं. शेळीला सुबाभळीचा पाला चालतो. त्यातलं मिमोसिन हे द्रव्य सशाला बाधतं. शेळी ढेकर देते, रवंथ करते. सशाला यातलं काहीच जमत नाही. गवत खाणारे दोन प्राणी, पण त्यांच्या पोटांची कामं वेगळी.

चौथा गैरसमज हगवणीचा. शेपटीखाली मऊ, चिकट काही दिसलं की "जुलाब झाले" म्हणून घरातली माणसं त्याचा हिरवा पाला बंद करतात आणि भात किंवा पाव सुरू करतात. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या लेंड्या नीट येत असतील आणि त्यांच्यासोबत मऊ घोस चिकटलेले दिसत असतील, तर ते जुलाब नव्हेत. ससा आपल्या मऊ गोळ्या खात नाही एवढंच. खाद्य जास्त पौष्टिक झालं असेल, ससा लठ्ठ असेल, किंवा कंबर-सांधे दुखत असल्याने त्याचं तोंड तिथवर पोचत नसेल. इलाज उलट आहे: पाव-भात बंद, सुकं गवत भरपूर. पण कोरडी लेंडी एकही नाही आणि पाण्यासारखं वाहतं आहे, तर ते खरे जुलाब. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला असं झालं तर तासांचा हिशेब असतो. ओल्या, घाणेरड्या जागेत पिल्लांना कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीची बाधा होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरडी जागा मुद्दाम राखावी लागते. शिवाय पावसात शेपटीखालच्या ओल्या घाणीवर माशा अंडी घालतात आणि अळ्या जिवंत सशाचं मांस खातात. म्हणून जूनपासून रोज एकदा ससा उचलून खालून बघायलाच हवा.

पाचवा समज केसांच्या गोळ्याचा. "केस पोटात गेले, अननसाचा रस पाजा, विरघळतील." सशाच्या जठरात केस असणं नेहमीचं आहे, तो दिवसभर स्वतःला चाटत असतो. निरोगी सशाच्या जठरातही केस सापडतात. आतडं चालू असलं की ते लेंडीतून बाहेर पडतात. आतडं थांबलं, आतलं पाणी शोषलं गेलं, की केस आणि अन्न मिळून घट्ट गोळा दिसतो. म्हणजे गोळा हा बहुधा थांबलेल्या पोटाचा परिणाम असतो, कारण नव्हे. अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत. त्यातली साखर मात्र आंधळ्या आतड्यातल्या वाईट जिवाणूंना खाऊ घालते. क्वचित केसांची घट्ट वळी लहान आतड्यात अडकते, आणि तो प्रकार खरोखर भयंकर असतो. म्हणून केस गळण्याच्या दिवसांत रोज फणी फिरवायची. रस पाजून तो अडथळा सुटत नाही.

हा अडथळ्याचा प्रकार वेगळा ओळखता यायला हवा. मंदावलेलं पोट एक-दोन दिवस खुणा देतं. अडथळा काही तासांत येतो: रात्री जेवलेला ससा पहाटे निपचित, पोट ढोलासारखं ताणलेलं, कान बर्फासारखे. अशा सशाला सिरिंजने पातळ खाद्य भरवणं म्हणजे फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरणं. फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन या ब्रिटिश पशुवैद्य विदुषीने २०१२ मध्ये सशांच्या रक्तातल्या साखरेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्यात अडथळा असलेल्या सशांची साखर खूप वर गेलेली आढळली, साधं पोट मंदावलेल्यांची तितकी नाही. दर डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वरचा आकडा धोक्याचा इशारा मानला जातो. साखर मोजायचं छोटं यंत्र आज आपल्या गावातही पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या उशाशी असतं. ते वापरून घरी निदान करा असं मी म्हणत नाही. पण ज्या डॉक्टरांकडे ससा नेतो, त्यांना या तपासणीची आठवण करून द्यायला काहीच हरकत नाही.

आता घरगुती औषधांबद्दल, आणि इथे मला सगळ्यात कठोर बोलायचं आहे. हिंगाचं पाणी, ईनो, ग्राइप वॉटर, ओव्याचा अर्क. हे सगळं सशाच्या तोंडात ओतलेलं मी पाहिलं आहे. ढेकर देऊ न शकणाऱ्या प्राण्याच्या पोटात फसफसणारं ईनो ओतण्यामागचा विचार मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण त्याहून घातक गोष्ट घराच्या औषधपेटीत असते: मुलाच्या खोकल्यावरच्या अँटिबायोटिकचं उरलेलं सिरप. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की सशाच्या आंधळ्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विष तयार करणारे क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत ससा जुलाब होऊन मरतो. औषध देणाऱ्याला वाटतं, आम्ही सगळं केलं तरी वाचला नाही. वस्तुस्थिती अशी असते, की कदाचित तो वाचला असता. काउंटरवरून औषध देणाऱ्यानेही "कुणासाठी?" हा प्रश्न विचारायला हवा आणि आपण "सशासाठी" असं खरं सांगायला हवं.

आणि पाणी. "सशाला पाणी पाजू नये, पोट बिघडतं" ही समजूत किती पिढ्यांची आहे कोण जाणे, पण तिने मारलेले ससे पुष्कळ असतील. सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे दोन किलोचा ससा कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये पाव लिटरभर सहज पितो. पाणी बंद केलं की आतड्यातलं अन्न सुकतं आणि सुकलेलं पुढे सरकत नाही. हिरव्या पाल्यातलं पाणी पुरतं, असं सांगणाऱ्याने एक दिवस स्वतः काकडीवर काढून पाहावा. बाटलीच्या नळीपेक्षा जड वाडगा बरा. त्यातून ससा जास्त पितो. हा निव्वळ दयेचाही प्रश्न नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा मानतो.

मग खायला काय द्यावं? इथे पालीकर म्हणून मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली. अनेक उपाय थकले आणि शेवटी ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी ती शांत झाली, ही कथा बल्लाळेश्वराच्या या गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. देवळाबाहेर एकवीस दूर्वांच्या जुड्या रोज विकल्या जातात. ही दूर्वा म्हणजेच हरळी. जगात तिला बर्मुडा गवत म्हणतात आणि तिचं सुकवलेलं गवत ससे आणि घोडे यांच्यासाठी पैसे मोजून विकत घेतलं जातं. पोटाच्या आगीवर दूर्वा, हे ज्या गावाच्या देवकथेत आहे, त्याच गावात सशापुढे बिस्किट, पाव, लाडवाचा तुकडा, पोह्याचा पापड आणि दिवसाला दोन गाजरं पडतात. गाजर गोड असतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही कधीतरी, एवढीच त्याची जागा. सशाच्या ताटाचा आठ-नऊ आणे भाग गवताचा हे पुरेसं नाही. रुपयातले तेरा आणे गवतच हवं. उरलेल्यात मूठभर कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, बांबूची पानं, आणि तयार खुराक असलाच तर किलोमागे २५ ग्रॅमपर्यंत.

गवत आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. दिवाळीच्या सुमारास आपल्या वरकस जमिनी कमरेएवढ्या गवताने भरलेल्या असतात. ते कापून, दोन-तीन उन्हं देऊन, कोरड्या माळ्यावर ठेवलं की पुढचा पावसाळा निघतो. भाताचा पेंढा अगदीच वाईट नाही, पण त्यात कस कमी. तो अंथरायला चांगला, जेवायला गवतच चांगलं. बुरशीचा वास आला, हाताला ओल लागली, तर ते गवत सशाला द्यायचं नाही. आणि देवापुढून उतरलेल्या निर्माल्याच्या दूर्वा पुण्य म्हणून सशाला घालू नयेत. त्यांना हळद-कुंकू लागलेलं असतं, आणि ढिगात पडलेलं ओलं गवत काही तासांत आतून तापून आंबू लागतं. ते आंबणं मग सशाच्या पोटात पुढे चालू राहतं. ताजी दूर्वा, धुऊन, पसरून, पाणी निथळलेली. देवाला आपण देतो तशीच.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तो शेवटी घेते. "हे सगळं शहरात ठीक आहे. पालीत सशाचा डॉक्टर कुठे? आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या सशासाठी हजारोंचा खर्च कोण करणार?" यातला पहिला भाग मी मान्य करते. आपल्या तालुक्यातली पशुवैद्यकीय सेवा प्रामुख्याने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी आहे आणि तिच्यावरचा भार मोठा आहे. ससे नियमित तपासणारा डॉक्टर शोधायचा तर खोपोली, पेण, पनवेलकडे चौकशी करावी लागते. थेट मुंबई गाठली तर परळला १८८६ साली स्थापन झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचा दवाखाना आहे. पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला की वाकणकडचा रस्ता अडायचा, हे पालीकर विसरलेले नाहीत.

पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. डॉक्टर लांब आहे म्हणून खुणा ओळखून काय उपयोग, असं लोक म्हणतात. मी म्हणते, डॉक्टर लांब आहे म्हणूनच खुणा लवकर ओळखायला हव्यात. दवाखाना गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसाला सहा तास उशीर परवडेल. आपल्याला परवडणार नाही, कारण आपले दोन-तीन तास रस्त्यात जाणार आहेत. अंतर कमी करणं आपल्या हातात नाही. वेळेत निघणं आहे. डॉक्टरचा फोन नंबर ससा आजारी पडल्यावर शोधायचा नसतो, ससा घरी आणण्याआधी शोधायचा असतो. निघताना शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी पडली हे लिहून न्यायचं, असतील त्या लेंड्या पुडीत बांधून न्यायच्या. कान गार असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. उन्हाळ्यात कान तापलेले असतील तर उलट, सावली आणि ओलं फडकं. पोट ताणलेलं असेल तर तोंडात काही घालायचं नाही. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर नाहीच नाही. पुढचं काम डॉक्टरांचं: दुखणं थांबवणं, सलाइन, अडथळा नाही याची खात्री करून मग आतडं चालवणारं औषध आणि भरवणं. लवकर पोचलेल्या सशांपैकी पुष्कळ यातून उठतात.

आणि किमतीचा मुद्दा. ससा दोनशे रुपयांना मिळतो ही त्याची किंमत नव्हे, बाजारातल्या विकणाऱ्याची सोय आहे. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो. ज्या घरात दर सहा महिन्यांनी नवा ससा येतो, त्या घराने दहा वर्षांत वीस ससे मारलेले असतात, आणि त्या घरातलं मूल वीस वेळा हे शिकलेलं असतं, की जीव असाच जातो आणि दुसरा आणता येतो. खर्चाचा हिशेब करायचा तर हाही त्यात धरावा. ज्याला गवत, पाणी, सावली आणि दवाखान्याचं भाडं देणं जमणार नाही, त्याने ससा आणू नये. हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाही. न आणणं हाही सशावरचा उपकार आहे. रानातला ससा पकडून आणणं तर मुळीच नको. तो वेगळ्या जातीचा, वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने राखलेला आहे, आणि पिंजऱ्यात तो टिकत नाही.

आमच्याकडे आता दुसरा ससा आहे. झाडलोट अजूनही आत्याच करते. फरक इतकाच, की केर भरण्याआधी ती खाली वाकून बघते, एखादी लेंडी दोन बोटांत दाबून पाहते आणि मग केरसुणी चालवते. गेल्या वर्षी भाद्रपदात एका पहाटे तिने मला हाक मारून उठवलं. "आज लेंड्या कमी आहेत," ती म्हणाली. या वेळी "बरं झालं" कुणीच म्हणालं नाही. चहा चुलीवर तसाच राहिला, टोपलीत गवत अंथरलं, आणि उजाडताना आम्ही खोपोलीच्या रस्त्याला होतो. ससा चार दिवसांनी घरी आला. आता तो दारात, आत्याच्या पायाशी, हरळीची काडी चावतो आहे.